सामासिक अंतर

शेजारचा बंगला पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहू लागली. एके दिवशी भरदुपारी आईला दिवा लावून भाकऱ्या थापाव्या लागल्या. नवी भिंत आमच्या कुंपणाला जवळजवळ टेकली होती.

मी इमारतीच्या मालकांना विचारायला गेले. ते हसले. "ताई, नकाशा मंजूर आहे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशे मला कळतात. त्या हसण्याचा राग डोक्यात घेऊनच मी बांधकामाची नियमावली वाचायला बसले. एकेक वाक्य असं लांबलचक आणि किचकट की माणसाने कंटाळून नाद सोडावा. 'सामासिक अंतर' म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, एवढं समजायला माझा अख्खा रविवार गेला. मग आई आणि मी टेप लावून मोजलं. नियमाच्या निम्मीही जागा सोडलेली नव्हती.

मी महापालिकेत तक्रार दिली. बऱ्याच खेट्यांनंतर एक अधिकारी पाहणीला आले. त्यांनी त्या भिंतीकडे ओझरतं पाहिलं आणि थेट आमच्या मागच्या दारी गेले.

"हा पत्रा कुणाला विचारून टाकलात?"

देवळाली कॅम्पातली नोकरी संपवून वडिलांनी नाशकात हे घर बांधलं, तेव्हा भांडी घासायच्या जागेवर त्यांनीच तो पत्रा टाकला होता. तोही सामासिक अंतरातच येत होता.

"तक्रार मागे घ्या, म्हणजे आम्हालाही हा दिसणार नाही," अधिकारी हळूच म्हणाले.

आई आत गेली आणि स्टूल, पाना घेऊन आली. "धर गं," म्हणत ती वर चढली, एकेक बोल्ट सोडवला. पत्रा धाडकन फरशीवर आदळला.

"आमचं काढलं, साहेब. आता त्यांचं मोजा."

मोजावंच लागलं. नव्या इमारतीचे आमच्या बाजूचे सगळे सज्जे तोडले गेले. भिंत मात्र दंड भरून नियमित, म्हणजे कायदेशीर, झाली. नियमावलीत तीही सोय होतीच.

हल्ली कॉलनीत कुठे पाया खणला की लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना अंगणात नेऊन सामासिक अंतर खडूने आखून दाखवते. दोन मिनिटांत समजतं सगळ्यांना. इतकं सोपं आहे ते, आणि म्हणूनच अजून माझं डोकं तापतं.