वाघमारेबाईंचे ऐंशी फोटो

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गिरगावातल्या आमच्या लाकडी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एका रविवारी सकाळी एकवीस माणसं सात मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिली. राष्ट्रगीत चालू नव्हतं. कुणी वारलंही नव्हतं. एका किड्याचा फोटो काढायचा होता, आणि तसा हुकूम सुटला होता. हुकूम सोडणाऱ्या बाई पाच फूटसुद्धा उंच नव्हत्या.

त्या आमच्या शेजारच्या वाघमारेबाई. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, लग्न होऊन गिरगावात आलेल्या, आणि बत्तीस वर्षं एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातला मलेरिया शोधलेल्या. चाळीतल्या निम्म्या लोकांचं रक्त त्यांनी पाहिलं होतं. ज्या बाईने आपलं रक्त आतून पाहिलंय तिला नाही म्हणायची हिंमत होत नाही, हा माझा अनुभव.

निवृत्त झाल्यावर इतर लोक तीर्थयात्रेला जातात. बाईंनी कॅमेरा घेतला. त्यावर एक जुनी लेन्स उलटी बसवली. "उलटी का?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सुलटी लावली की माणसं दिसतात. ती बघून झाली." उलट्या लेन्समधून मात्र डासाचा गुडघा दिसायचा. बाटलीच्या बुचात टाचणी, टाचणीवर किडा, दोन्ही बाजूंना टेबल लॅम्प, आणि लॅम्पसमोर ट्रेसिंग पेपर धरून मी. "तो कागद हटला की किड्याच्या पाठीवर बल्ब चमकतो, सुधीर. किडा बघायचाय, बल्ब नाही." फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात त्यांचे मेलेले किडे असायचे. एकदा मी तो डबा मोठ्या आशेने उघडला. त्यानंतर मी कुणाच्याच घरी श्रीखंड मागितलेलं नाही.

कला अशी होती: इतक्या जवळून पाहिलं की फोकसमध्ये केसाएवढीसुद्धा जाडी मावत नाही. डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर, मिशा आल्या तर पाय गायब. म्हणून बाई एका स्क्रूने कॅमेरा कणभर पुढे सरकवायच्या आणि फोटो काढायच्या. पुन्हा कणभर, पुन्हा फोटो. असे ऐंशी. मग लॅपटॉप प्रत्येक फोटोतला स्पष्ट तुकडा तेवढा उचलून त्यांचं एक चित्र जुळवायचा. "लॅबमध्ये हेच करत होते," त्या म्हणायच्या. "बारीक स्क्रू फिरवायचा आणि थर डोक्यात ठेवायचे. आता डोकं लॅपटॉपमध्ये आहे."

मी एकदा भावुक होऊन म्हणालो, "बाई, माणूसही असाच थराथराने बघायला हवा, नाही?"

"माणसाचं मला माहीत नाही. तू कागद सरळ धर."

तर तो रविवार. त्याआधी चार दिवस, एका दमट संध्याकाळी, गॅलरीतल्या दिव्याभोवती पंखवाले किडे जमले आणि सकाळी फरशी झाडताना पंखांचा ढीग निघाला. चाळमालकाचा माणूस त्याच दिवशी हजर झाला. त्या उकाड्यात टाय लावून आल्यामुळे आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. त्याने एक पंख चिमटीत धरला आणि निकाल दिला, "वाळवी! लाकूड पोखरलंय. खोल्या खाली करा, दुरुस्ती करून दोन महिन्यांत परत आणतो. रविवारी संध्याकाळी सह्या घ्यायला येतो." दोन महिन्यांसाठी गेलेली माणसं परत आल्याचं आमच्या गल्लीत कुणीही पाहिलेलं नाही. पण वाळवी म्हटल्यावर माणसाला पायाखालची फळी मऊ लागायला लागते.

सगळ्यांत आधी घाबरल्या मालतीकाकू. त्या मूळच्या मालवणच्या, देहाने भरदार, मजल्यावर दरारा. त्यांनी सही केली की मजल्याने केली असं समजायचं. "माका ह्या वयात खाली पडूचा नाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन काढून ठेवलं.

वाघमारेबाईंनी मात्र दिव्याखालून एक किडा उचलला, डब्यात घातला आणि म्हणाल्या, "ही वाळवी नाही. पंखवाली मुंगी आहे."

मालतीकाकूंनी विचारलं, "कशावरनं?"

"दाखवते. तोंडी रिपोर्ट मी कधी दिलेला नाही."

दाखवायचं म्हणजे मिशा, धड आणि पंख, तिन्ही एकाच चित्रात स्पष्ट हवेत. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो किडा म्हणजे नुसती चहाची पत्ती. शनिवारी बाईंनी ऐंशी फोटो काढले. मधे मालतीकाकू कुकर बघायला उठल्या आणि अख्खी गॅलरी डोलली. लॅपटॉपने चित्र जुळवलं तेव्हा किड्याला सहा मिशा होत्या.

"वरळीची जमीन दगडी होती," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे शिंकलं तरी भूकंप." आणि मग तो हुकूम सुटला. रविवारी अकरा वाजता मजल्यावर कुणी चालणार नाही, दार लावणार नाही, पंखा चालणार नाही. ऐंशी फोटो, प्रत्येकी पाच सेकंद. बादल्या जिथल्या तिथे राहिल्या. नेने आजोबा एक चप्पल घालून उभे. माझ्या हातात कागद आणि नाकावर माशी. मालतीकाकू डाव घेऊन स्वतःच्या दारात, आणि आत बांगड्याचं सार शेगडीवर.

खट्. पाच सेकंद. खट्.

साधारण चाळिसाव्या फोटोला वास आला. मालतीकाकू ओठ न हलवता म्हणाल्या, "बाईनू, माझा सार करपता."

बाईंनी स्क्रूवरचं बोट काढलं नाही. "करपू दे."

आणि काकू हलल्या नाहीत. बांगड्यासाठी भावाशी दोन वर्षं न बोललेली ती बाई. तेव्हाच मला वाटलं, आज काहीतरी होणार.

बाई आता बदलापूरला भाचीकडे असतात. गुडघ्यांना आमचे तीन जिने झेपेनात. तिथे जमीन काँक्रीटची, फोटो पहिल्या फटक्यात येतात, कुणालाही उभं करावं लागत नाही. "त्यामुळे करमत नाही," असं फोनवर सांगतात. "इथे कुणी हलतच नाही रे. रागवायचं कुणाला?" आम्ही अजून चाळीतच आहोत. त्याचं कारण त्या संध्याकाळचं.

टायवाला कागद घेऊन आला. बाईंनी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर दोन चित्रं: डावीकडे त्यांनी पूर्वी कधीतरी टिपलेली खरी वाळवी, उजवीकडे सकाळचा किडा. टायवाला हसला. "इंटरनेटवरून कुणीपण काढेल हो."

बाईंनी श्रीखंडाचा डबा उघडून भिंग त्याच्या हातात दिलं. "डाव्या पंखाचा कोपरा तुटलाय, बघा. आता फोटोत बघा."

त्याने पाहिलं. भिंग परत दिलं. हसणं थांबलं होतं. "तरी लाकूड जुनंच आहे," तो पुटपुटला.

"लाकूड आपण वेगळं तपासू. इंजिनियर आणा, खांब ठोकून बघा, मी स्वतः दिवा धरते. पण हा तुमचा पुरावा नाही." मग त्या वळल्या. "मालती, इकडे ये. मी काही सांगणार नाही. आमच्या लॅबमध्ये आधी बघायचं, नाव नंतर. वाळवीचं धड वरपासून खालपर्यंत सारखं जाड असतं. एवढंच लक्षात ठेव आणि काय दिसतं ते बोल."

मालतीकाकू पेनासकट पुढे आल्या. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. चष्मा पदराने पुसला. काळं, चकचकीत डोकं, कोपरातून मोडल्यासारख्या मिशा, आणि छाती नि पोट यांच्या मधे जेमतेम दोऱ्याएवढा सांधा. सगळा मजला पुन्हा एकदा श्वास धरून उभा, या वेळी कुणी न सांगता. काकूंनी एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि टायवाल्याच्या अंगावर पेन फेकत ओरडल्या,

"मेल्या, हिका कंबर आसा! वाळवी डावीकडची, माझ्यासारकी. ही तर मुंगी! सही कसली मागतंस?"