मागच्या पार्किंगमधला माल

गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला माझे सासरे वणीजवळच्या गावातून नाशिकला आमच्याकडे आले, आणि टाके निघतात न निघतात तोच परत जायची भाषा करायला लागले. डॉक्टर म्हणत होते, निदान वर्षभर दवाखान्याच्या जवळ राहा, व्यायाम चुकवू नका. सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. "गुडघा बेस हाय. पण पायाखाली माती नाय, नुसती फरशी. माणसानं चालायचं कशावर?"

गावाकडची द्राक्षं दीर बघतात. तिथे यांच्यावाचून काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते माझं. माझा नवरा ऑफिसातून येतो तो मोबाइल घेऊन सोफ्यावर बसतो आणि जेवायला हाक मारली तरच माणसात येतो. सासरे आल्यापासून मला बोलायला, भांडायला आणि पोट धरून हसायला कुणीतरी मिळालं होतं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं.

"मंग मला एक वाफा दे," ते म्हणाले. "पालेभाजी उगवली तर राहतो. नाय उगवली तर वणीची एसटी."

आमच्या सोसायटीत पार्किंग संपतं तिथे, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पट्टी रिकामी आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे असं दर मीटिंगला ठरतं. मी चेअरमनसाहेबांना गाठलं. "ब्लॉक येईपर्यंत लावा काय ते," ते म्हणाले, "पण शोभेचं लावा." मी हो म्हटलं. सासऱ्यांनी अंबाडी लावायचं ठरवलं. आंबट पाला, वरून लसणाची फोडणी, सोबत भाकरी. त्यांच्या मते याहून शोभेचं दुसरं काही नाही.

नवऱ्याने पहिली कुदळ मारली तेव्हा खण्णकन आवाज आला. बिल्डरने इमारत बांधून उरलेलं सगळं तिथेच पुरलं होतं. फरशांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि एक अख्खं वॉश बेसिन निघालं. सासरे प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले आणि मुकादमी करायला लागले. निघालेल्या मातीची मूठ वळून त्यांनी माझ्यासमोर धरली. मूठ उघडताच सगळं बोटांमधून खाली गळालं. "ही माती नाय, हा भुगा हाय," ते म्हणाले.

नवऱ्याने नर्सरीतून पिशवीतली लाल माती आणली. पिशवीवर गुलाबाचं चित्र होतं. सासरे त्या चित्राकडे बघतच राहिले. मुलाने माती विकत आणली ही गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळी फोन करकरून सगळ्या भावकीला सांगितली, कुणाचं तरी लग्न मोडल्यासारख्या आवाजात.

मग आम्ही गावी गेलो आणि गाडीच्या डिकीत काळी माती आणि शेणखत भरून आणलं. शेणखत चांगलं कुजलेलं असलं की त्याला वास येत नाही. दिरांनी घाईत भरून दिलेलं अर्धंच कुजलेलं होतं. हे आम्हाला नाशिकात शिरताना द्वारका चौकात कळलं. नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या काचा खाली होत्या. शेजारच्या रिक्षावाल्याने आधी स्वतःच्या चपला उलट्या करून पाहिल्या, मग आमच्याकडे पाहिलं. "काय घेऊन चालले, काका?" सासरे मागच्या सीटवरून अभिमानाने म्हणाले, "खुराक!"

ते खत गोणपाटाखाली झाकून, पाणी मारून मुरवलं, तेवढे दिवस सोसायटीतलं कुणी आमच्याशी बोललं नाही. मग एक घमेलं माती, अर्धं घमेलं खत, वर निंबोळी पेंडीची मूठ, असं कालवून सासऱ्यांनी पुन्हा मूठ वळली. या वेळी तिचा लाडू झाला आणि बोटाने टोचताच मऊ फुटला. "आता टाक बी," ते म्हणाले.

बी उगवलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण खत घालण्यावरून आमच्या घरात तीन पक्ष पडले. सासरे म्हणत होते, आता फक्त पाणी. नवऱ्याला मोबाइलमधल्या कुण्या खताच्या जाणकाराने सांगितलं होतं की पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे रासायनिक खत द्यायलाच हवं. सासरे भडकले. "द्राक्षाला पोत्यांनी घातलंय मी ते. चार अंबाड्यांला कशाला? उगं माजंल." माझा विश्वास तांदळाच्या धुवणावर, चहाच्या चोथ्यावर आणि आंबट ताकावर. मलाही त्यांनी उडवून लावलं. आम्ही दोघांनी मान डोलावली.

पुढे कळलं ते असं. नवरा सकाळी गाडी पुसायच्या निमित्ताने बादलीतून एकोणीस-एकोणीस-एकोणीस घालत होता. मी दुपारी भांडी आवरल्यावर ताक-धुवण ओतत होते. आणि फक्त पाणी म्हणणारे सासरे संध्याकाळी काठी टेकत जाऊन उरलेलं शेणखत बुडाशी सारत होते, कारण एसटीची अट त्यांनीच घातली होती आणि त्यांनाही जायचं नव्हतं! हे मात्र ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत.

अंबाडी माजली. शेंडे खुडले की जागोजाग नवे फुटवे येत. बघता बघता ती माझ्या डोक्याच्या वर गेली, भिंतीपलीकडे डोकावायला लागली. पानंही कशी, लांब, करवतीसारख्या कडांची, हाताच्या बोटांसारखी पसरलेली. ती कशासारखी दिसतात हे मला सुचलं नाही, कारण मला ती अंबाडीसारखीच दिसत होती.

नवऱ्याने मात्र पानाचा फोटो काढून झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपला विचारलं. तो घाम पुसत स्वयंपाकघरात आला. "दादांनी बी कुठून आणलं होतं?" वडिलांना तो दादा म्हणतो.

"का?"

"अ‍ॅप म्हणतंय गांजा आहे."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर अंबाडीची भाजी खाल्लेला हा माणूस, पण ती ताटात असायची, फोडणी घातलेली. उभी अंबाडी त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती.

आता द्राक्षवाल्यांची भाषा सांगायला हवी. आमच्याकडे पिकाला माल म्हणतात. माल फुटला, माल भरला, माल काढला. सासरे रोज संध्याकाळी वाफ्याशेजारी खुर्ची टाकून धाकट्या भावाशी फोनवर ओरडून बोलत. "माल लय जोरात येऊ राह्यला! हा, पार्किंगच्या मागं. तुला पाहिजे का? पुडी बांधून देतो." आणि वर पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत चेअरमनसाहेब चहा पीत असत.

रविवारी सकाळी चेअरमनसाहेब कमिटीतले दोघे घेऊन वाफ्यापाशी आले. सासरे खुर्चीत, मी शेजारी उभी, नवरा एका खांबामागे.

"आजोबा, हे काय आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"माल," सासरे खुशीत म्हणाले.

"कशासाठी लावलाय?"

"खायला. आमच्याकडं घरोघरी खात्यात. ल्हान पोरांला बी देतो."

कमिटीतल्या एकाने घसा खाकरला. "खाऊन काय होतं?"

"झोप लय भारी लागती. दुपारचं खाल्लं का पार सांजच्यालाच जाग."

मला एव्हाना सगळं कळलं होतं आणि मी बोलायला तोंड उघडलं, पण हसू इतकं दाटलं की खोकलाच आला. सासरे रंगात आले होते. "तुमाला लागंल का? पहिली पुडी फुकट!"

चेअरमनसाहेब पांढरे पडले. "हे आजच्या आज उपटा. नाहीतर मला पोलिसांत कळवावं लागेल. आणि उद्याच इथे ब्लॉक टाकून घेतो."

ब्लॉक हा शब्द ऐकला आणि माझं हसू पळालं. सासऱ्यांचा चेहरा असा उतरला की मला चेअरमनसाहेबांचा कान धरावासा वाटला. आमच्या माणसाला पायाखाली एवढीच माती होती. मी कोवळी पानं ओरबाडली, एक स्वतःच्या तोंडात घातलं, एक त्यांच्यासमोर धरलं. "ही अंबाडी आहे, साहेब. चावा!"

साहेबांनी पान चावलं. आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. "अहो, हे तर आंबट आहे!" मग कमिटीने चावलं. खांबामागून येऊन नवऱ्यानेही चावलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद दिसला.

तरी खबरदारी म्हणून चेअरमनसाहेब कुणाच्या तरी स्कूटरवर टेकून बसले आणि काही होतंय का याची वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "डोकं जरा हलकं वाटतंय." त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी त्यांना वर नेलं आणि लसणाची फोडणी दिलेली भाजी, भाकरी, वर कच्चं तेल असं वाढलं. त्यांनी भाकरी परत मागितली. दुपारी त्यांच्या बाल्कनीतून घोरण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं कुणास ठाऊक, पण संध्याकाळपर्यंत बायका पिशव्या घेऊन वाफ्यावर आल्या. एकीला जुडी, दुसरीला जुडी, करता करता वाफ्यात नुसती दांडकी उरली. सासरे त्या दांडक्यांकडे बघत बसले होते. पालेभाजी उगवली होती खरी, पण आता संपलीही होती. आणि वणीची एसटी तर रोजच असते.

त्यांनी फोन काढला, धाकट्या भावाला लावला आणि नेहमीसारखे ओरडले. "हा, माल संपला. पार खलास!" पलीकडून बहुतेक, मग कधी येताय, असं विचारलं असावं. सासऱ्यांनी वर बाल्कनीकडे पाहिलं. चेअरमनसाहेब चहाचा कप घेऊन कान देऊन उभे होते.

"आता कसला येतो मी?" सासरे म्हणाले. "हितल्या लोकांला चटक लागलीय. तू बियाणं पाठव."