राणीच्या मागचा सिंह

चित्र पाण्याच्या ट्रेमध्ये सोडण्याआधी मी ते लाइट टेबलवर ठेवलं. लाइट टेबल म्हणजे खालून दिवा असलेली काच. दिवा लावला आणि राणीच्या झग्यातून एक सिंह दिसू लागला.

मुलांनो, रिटायर झाले तरी नगरच्या एका संग्रहालयासाठी मी अजून जुने कागद दुरुस्त करते. हे चित्र मिरजगावच्या किराणा दुकानातलं. विलायतेचे राजा-राणी, रंगीत छापील. पूर्वी अशी चित्रं शाळा-कचेऱ्यांत लावत. राजा एकटा असला की सरकार वाटतो. शेजारी राणी बसवली की घरातली वडीलधारी जोडी वाटते. छापणाऱ्यांना तेच हवं होतं.

मागचा खाकी कागद मी कोरडाच सोलला. खाली सिंहासह भारतमाता! दोन्ही चित्रं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवलेली.

आमचे डायरेक्टर खूश. "मॅडम, वेगळी करा. दोन फ्रेम होतील. सोमवारी उद्घाटन आहे."

मी ओल्या कापसाचं टोक भारतमातेच्या लाल पदराला टेकवलं. कापूस गुलाबी झाला.

"सर, खळ सुटायला भिजवलं तर राजा-राणी वाचतील. हिचा रंग वाहून जाईल."

"पण सगळे राजा-राणीच बघायला येणार ना?"

मी मालकीणबाईंना, भामाबाईंना, फोन लावला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

"आजी, मागे भारतमाता आहे, बोलला नाहीत?"

"तुमी फकस्त राजा-रानी मागितली! आवो, त्यो खाकी कागद लई नंतरचा. इंग्रजांच्या राज्यात सासरे दुकानात फिरवून लावायचे. फौजदार आला की राजा-रानी, गेला की भारतमाता."

"कधी चुकलं नाही?"

"सासरे सांगायचे, येकदा चुकलं की! फौजदार दारात आन् भारतमाता समोर. त्यानं हळूच हात जोडले, शेरभर गूळ घेतला आन् गेला. तिला पान्यात घालू नका, बाई. सासऱ्यांची तेवढीच खूण हाय."

डायरेक्टरांनी हे स्पीकरवर ऐकलं. मग भिजवायचं नाव काढलं नाही. चित्र दोन काचांमध्ये बसवून दालनाच्या मधोमध टांगलं.

उद्घाटनाला भामाबाई आल्या. नातसुनेकडून पाटी वाचून घेतली. 'पुढची बाजू: राजा-राणी. मागची बाजू: भारतमाता.'

"उलटं लिवलंय," त्या म्हणाल्या. "ही पुढची. ती जोडी पाठ हाय."

डायरेक्टर माझ्याकडे बघू लागले. पाटी मीच लिहिली होती.

दुपारी नवी लावली. रजिस्टरमध्येही दुरुस्ती केली. आता वस्तू ताब्यात घेताना मी मालकाला आधी विचारते, यातली पुढची बाजू कोणती?