तीन कोनांचे तारे

डिचोली तालुक्यात स्वतःची चूक टॉर्च घेऊन शोधायला निघणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे, ज्यांना मी मामा म्हणते. बाकी आम्ही सगळे चूक दुसऱ्याच्या अंगणात शोधतो. मी तर पत्रकंच छापते. पंचायत, खाण, हॉटेल, रस्त्याचा कंत्राटदार, सगळ्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत आणि त्या मी ठळक टायपात लोकांच्या जनेलांतून आत टाकते. मामा मात्र टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून, मळ्यात गुडघ्यांवर बसून, स्वतःच आवळलेला स्क्रू तपासत असतात.

मामांनी उभा जन्म खाणीवरच्या टिपर ट्रकांच्या गॅरेजमध्ये काढला. टिपरचं चाक निसटलं तर माणूस मरतो, त्यामुळे जे दिसेल ते जीव खाऊन आवळायचं ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. त्यांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. लोणच्याची बरणी उघडायची तर आत्या मामा घरी यायची वाट बघते. खाण थांबली, गॅरेज थांबलं, आणि अशा वेळी माणसं भजनात जातात किंवा पत्त्यांत; मामा दुर्बिणीत गेले. कुठून तरी एक जुनी, आरशाची दुर्बीण आणली, तिला कॅमेरा जोडला आणि कारापूरच्या घरामागच्या मळ्यात तेजोमेघांचे फोटो काढायला बसले. तेजोमेघ म्हणजे आकाशातला रंगीत धूर. साध्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, कॅमेरा तो मिनिटामिनिटाने गोळा करतो, आणि तेवढा वेळ दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर सरकत राहावं लागतं. ती चुकली की तारे ठिपक्यांऐवजी लांबट येतात. मामांचं पहिल्या वर्षाचं आकाश म्हणजे सुपात पसरलेले उकडे तांदूळ होते.

त्यांना त्याचं दुःख नव्हतं, हेच मला कळत नसे. लोक फोटोत मेघ बघतात. मामा फोटो एवढा मोठा करत की मेघ पळून जाई आणि पडदाभर एकच तारा उरे. मग त्या ताऱ्याची तपासणी. मला म्हणत, "गो बाय, टायर कसो झिजला पळयलें की गाडयेचें दुखणें कळटा. तारोय तसोच." सगळे तारे एकाच बाजूला ओढलेले दिसले तेव्हा त्यांनी ओळखलं की दुर्बिणीचा आस ध्रुवताऱ्याशी जुळलेला नाही. आता ध्रुवतारा आमच्याकडे इतका खाली की तो नेमका आत्याच्या फणसामागे. एक फांदी कापू का, असं मामांनी विचारलं, तेव्हा ध्रुव काही पावसाळ्यात गरे देत नाही, एवढंच आत्या म्हणाली. मामांनी दुर्बीण उचलून मळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे तिवईचे पाय रात्रभर मऊ मातीत रुतत गेले आणि तारे पुन्हा लांबले. मग पायांखाली तीन चिरे बसवले. पुढे कोपऱ्यातलेच तारे तेवढे पसरू लागले, तर कॅमेरा आणि दुर्बीण यांतलं अंतर चुकलंय म्हणून टिपरचा पितळी वॉशर कानशीने घासून मध्ये घातला. तारे सुधारले. मामा आठवडाभर खुशीत दोन उंडे पाव जास्त खात होते.

त्याच सुमारास वरच्या पठारावर एका हॉटेलने फ्लडलाइट लावले, तोंडं सरळ आकाशाकडे. शेतातली काजव्यांची झाडं काळोखी पडली आणि माझं डोकं तापलं. रविवारी ग्रामसभा होती. मी मामांच्या लॅपटॉपवरून त्यांना न विचारता एक फोटो उचलला. त्यात एकूण एक तारा तीन कोनांचा झाला होता, शंकरपाळ्याला एक कोपरा कमी असावा तसा. वर मथळा दिला, "पाहा, फ्लडलाइटांनी ताऱ्यांचं काय केलं!" आणि पत्रकांचा गठ्ठा छापून मोठ्या ऐटीत मामांच्या मेजावर ठेवला.

मामांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. मग म्हणाले, "उजेडान आकाश फिकें जाता. तारो मोडना. हो तारो हांवें मोडला."

मी चिडले. म्हटलं, मामा, लोकांना एवढं कुठे कळतं?

"म्हणूनच," मामा म्हणाले, आणि गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. कपाट आवळून बंद केलं, म्हणजे तो विषय संपला.

ग्रामसभेला चार दिवस, हातात पत्रक नाही, आणि माझा एकुलता एक साक्षीदार मळ्यात दुर्बीण उघडून बसलेला. मी त्यांना बरंच काही बोलले. तत्त्वाचा माणूस चळवळीला किती महाग पडतो, हेही बोलले. ते ऐकत होते आणि आरसा धरून ठेवणारे चिमटे बोटाने चाचपत होते. चिमटे तीन होते. मामांनी ते चाकाचे नट आवळावेत तसे आवळले होते. बिचारा आरसा तीन ठिकाणी चेपला होता आणि आकाशातला प्रत्येक तारा तोच आकार घेऊन येत होता. मामांनी प्रत्येक स्क्रू पाव फेरा सैल केला. त्या रात्री तारे गोल आले, मोहरीच्या दाण्यासारखे, आणि मागचं आकाश दुधाळ. मग गुरुवारी वीज गेली. हॉटेलचा जनरेटर खोल्यांपुरताच, फ्लडलाइट विझले. मामांनी मृगातला तेजोमेघ वीज जाण्याआधी टिपला होता, तोच पुन्हा तेवढाच वेळ टिपला. पहिल्या फोटोत धुरकट डाग. दुसऱ्यात पंख पसरलेला पक्षी.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून मी ग्रामसभेत उभी राहिले. विशेषणं सगळी गाळली होती, त्यामुळे मला बोलताना उघडं पडल्यासारखं वाटत होतं. हॉटेलचा मॅनेजर शांतपणे म्हणाला की घरगुती दुर्बीण आहे, दोष तिच्यातच असेल. सभेत हशा पिकला. मागच्या रांगेतून मामा उठले.

"आसलो दोष. म्हजोच आसलो. तो हांवें काडलो. आतां तुमचो तुमी काडात."

यावेळचा हशा वेगळा होता. महिन्याभरात दिव्यांवर टोप्या आल्या, तोंडं खाली वळली. माझी जुनी पत्रकं आत्याने पापड वाळवताना खाली अंथरली.

परवा संध्याकाळ उतरल्यावर आम्ही मळ्यात उभे होतो. मृग वर आला होता. मामांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू धरतोय, ते बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "म्हाका तारे लांबट दिसतात. तुका कशे दिसतात गो?"

"गोल आहेत, मामा."

आता ते खात्री करायला लॅपटॉप उघडतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. आयुष्यात कुणाच्या शब्दावर त्यांनी नट सैल केला नव्हता. मामांनी नुसती मान डोलावली आणि तसेच वर बघत राहिले.