सोळावा दगड

जातं घडवावं तर भिंगारच्या भिमाजी पाथरवटानं, असं नगरच्या आसपास पन्नास गावांत म्हणत. माणूस अबोल. बायको गोजरबाई गेल्यापासून तर तो दगडाशीच काय ते बोले. तिनं जाताना एवढंच मागितलं होतं, "आपल्या लेकीची, मालनची हळद माझ्याच जात्यावर दळा." भिमाजीनं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्यानंतर ते जातं कोणी फिरवलं नाही.

त्रेचाळीस सालच्या थंडीत छावणीत स्कॉटलंडकडची एक पलटण उतरली. त्यांच्या मुलखात बर्फावर दगड घसरवायचा कर्लिंग नावाचा खेळ असतो. इथे बर्फ कुठला? त्यांनी एका रिकाम्या वखारीतली घोटीव फरशी साबणाच्या पाण्यानं भिजवली, गड्यांचे चार-चारांचे संघ पाडले आणि सामने लावले. दगड भिमाजीनं घडवायचे ठरले. सोळा दगड, गोल, काळे, तळाला आरशासारखे गुळगुळीत, वर धरायला मूठ.

सोळावा ऐन वेळी तडकला. नव्याला आठ दिवस लागले असते, हातात दोनच होते. भिमाजीची नजर कोपऱ्यातल्या जात्याकडे गेली. मालनचं लग्न माघात. सामने संपले की दगड परत आणू, टाकीनं पुन्हा खरबरीत करू, कोणाला कळणारही नाही. त्यानं जात्याचा वरचा दगड उचलला, मधलं भोक शिशानं बुजवलं, तळ घोटला आणि देऊन टाकला.

तेवढ्यात फौजेत असलेल्या नवऱ्या मुलाला लढाईवर जायला बोटीवर चढायचा हुकूम आला. माघातलं लग्न चार दिवसांवर आलं.

"आबा, आईचं जातं अर्धंच कसं हाय?" मालननं विचारलं.

सांगावंच लागलं. ती रडली नाही. "मग मला हळद लागायची न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

हळदीच्या दिवशी दुपारी भिमाजी वखारीत पोचला. दारात छावणीचा कारकून रंगनाथ उभा होता.

"रावसाहेब, त्यो सोळा नंबरचा आजच्या दिस द्या. पोरीची हळद हाय."

"अरे, आज शेवटचा सामना! पंधरा दगडांवर खेळ होतो होय? तुझ्या पोरीसाठी पलटण थांबायची का?" मग आवाज खाली आणून रंगनाथ म्हणाला, "खरं सांगू? त्या दगडाला कोणी खुशीनं हात लावत नाही."

भिमाजी भिंतीला टेकून बघत राहिला. गडी वाकून दगड सोडत, दोघे झाडू घेऊन त्याच्यापुढे फरशी घासत पळत आणि दगड दूरच्या वर्तुळात जाऊन थांबे; ज्याचा मध्याच्या सगळ्यात जवळ, तो जिंके. बाकीचे दगड सोडावे तसे वळत. सोळावा कोणी कसाही सोडो, दळताना जातं फिरतं त्या अंगानंच वळे. आणि घरघरे. साबणाच्या पाण्यावर दगड वाजत नाही. हा मात्र पहाटेच्या जात्यासारखा वाजत होता.

जातं रिकामं फिरवू नये, असं गोजरबाई म्हणायची. तीन दिवस ते रिकामंच फिरत होतं.

दोन्ही संघ बरोबरीत आले. शेवटची फेक उरली होती, सोळाव्याची. भिमाजीनं कनवटीची पाच हळकुंडं काढली, अनवाणी फरशीवर उतरला आणि वर्तुळाच्या मध्यावर ती ठेवली.

"ए, वेड लागलं काय! बाहेर हो!" रंगनाथ ओरडला.

दगड हातात धरलेल्या उंच साहेबानं मान हलवून त्याला गप्प केलं. काय समजला कोण जाणे. त्यानं दगड सोडला.

झाडूवाले दोन पावलं पळाले आणि थांबले. दगडाला त्यांची गरजच नव्हती. तो घरघरत आला, हळकुंडांवर चढला आणि जागच्या जागी फिरू लागला. एक फेरा, दोन, सात, दहा. त्याच्या कडेनं पिवळं पीठ गळू लागलं. साहेबाचा संघ जिंकला होता, पण टाळी कोणी वाजवली नाही. एका गड्याच्या हातून झाडू निसटला.

दगड थांबला. भिमाजीनं मुंडासं सोडून पसरलं आणि हळद भरायला घेतली. ओल्या फरशीवर ती कोरडी होती, ऊन होती. एक ओंजळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पाच हळकुंडांची एवढी हळद होत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"भिमाजी, अरे हे..." रंगनाथ पुटपुटला.

"बोलू नका, रावसाहेब. पुरं होईपत्तर बोलू नका. बोललं की बरकत जाती."

आणि तो खाली मान घालून भरत राहिला.