आप्पांचं नाटक हॅम्बुर्गात

मी जर्मनीला निघाले, दौंड स्टेशनावर गाडी हलली, तेव्हा आप्पा खिडकीबरोबर चालत होते. "माझं नाटक तिकडं कुणी करत असलं तर बघ," एवढंच म्हणाले. माझे वडील खुटबावचे शेतकरी. जत्रेसाठी नाटकं लिहायचे. बांधावरून बोलणं तुटलेल्या दोन भावांचं नाटक गावाला पाठ होतं. त्यातली आई म्हणते, "एका ताटात जेवा, न्हाईतर मी ह्या बांधावरच जीव सोडते," आणि मंडपात बायांचे पदर डोळ्यांना लागायचे.

हॅम्बुर्गात नोकरीत स्थिरावल्यावर मी ते जर्मनमध्ये आणलं. एका छोट्या थिएटरने बसवलं. आईच्या त्या वाक्याला लोक खो खो हसले.

"लोकं रडली का?" आप्पांनी फोनवर विचारलं.

"व्हय आप्पा, लई रडली."

गावाकडच्यांनो, तुम्ही त्यावर पेढे वाटलेत. माझ्यासारखे बाहेर पडलेले जाणतात, असं खोटं दर रविवारच्या व्हिडिओ कॉलला थोडं थोडं वाढतं.

सहा वर्षांनी दुसऱ्या थिएटरने नाटक घेतलं. दिग्दर्शिकेने ते वाक्यच काढलं. आई नुसतं ताट पुढे सरकवते. आप्पांना न विचारता मी होकार दिला. आणि आप्पा म्हणाले, "औंदा मी येतो बघायला." व्हिसा मिळेपर्यंत मला धड झोप नव्हती. मिळाल्यावर तर उडालीच.

प्रयोगभर मी त्यांच्याकडेच बघत बसले. आईने ताट सरकवलं. थिएटर चिडीचूप. शेजारच्या बाईने डोळे पुसले. आप्पांचे ओठ हलत होते. गाळलेलं वाक्य ते स्वतःच म्हणत होते.

बाहेर येताच म्हणाले, "माझं वाक्य कुठं गेलं?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या वेळचं हसूसुद्धा.

बसस्टॉपवर ते म्हणाले, "आपल्या गावातबी पहिल्या खेळाला लोकं हसलीच हुती. तवा तू पाळण्यात हुतीस. रडायला तीन जत्रा लागल्या." मग हळूच, "वाक्य काढलं ते पटलं न्हाई. पर मला फसवलंस, ते जास्ती लागलं."

आता जर्मनीतल्याच लाइपझिग शहरातली तरुण मंडळी ते नाटक करताहेत. वाक्य ठेवायची अट मी घातली आहे. लोक पुन्हा हसतील, ही धास्ती आहेच. काल खुटबावला फोन लावला. "आप्पा, भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत घराच्या इतकी जवळ मी कधीच नव्हते.