दुसऱ्या बेसवरचं अपील

क्रिकेटमध्ये पोरं घसा फाडून अपील करतात. आमच्या सॉफ्टबॉलमधलं अपील गुपचूप असतं. पळणाऱ्या पोरीचा पाय वाटेतल्या बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, लागला नाही, हे पंचाला दिसतं, पण त्यानं तोंड उघडायचं नसतं. समोरच्या संघानं विचारलं तरच निकाल द्यायचा. पुढचा चेंडू पडला की अपीलची वेळ गेली, चूक माफ. हे मला आमच्या ह्यांनीच शिकवलं. लग्नानंतर मीही पंच झाले, आणि त्यांनी आणखी एक नियम घोटून घेतला: एका पंचाच्या निकालात दुसऱ्यानं विचारल्याशिवाय नाक खुपसायचं नाही.

गेल्या दिवाळीपासून ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. समोरचं नीट दिसायचं, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. क्रांती चौकात बाजूनं आलेली रिक्षा कळलीच नाही, तेव्हापासून स्कूटर माझ्याकडं आली. "तुझा हात बसू दे जरा," म्हणाले. जणू इतकी वर्षं मी बैलगाडी हाकत होते! डोळे दाखवून या, हे शब्द रोज जिभेवर यायचे. पण न विचारता कुणी काही सुचवलं की ह्यांचा आठवडाभर अबोला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं चाललेलं. मीही हट्टी. विचारतील तेव्हा बोलू, म्हटलं.

उन्हाळ्यात मुलींच्या स्पर्धेची फायनल होती. मी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या बेसच्या, मागं, हे दुसऱ्या बेसजवळ. देवगाव रंगारीच्या पोरी शहराच्या संघापेक्षा एका धावेनं मागं होत्या. शेवटचा डाव, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले. फटका लांब गेला, दोघी होम प्लेटवर पोचून दोन धावा झाल्या आणि देवगावच्या पोरी नाचायलाच लागल्या. पण पहिल्या बेसवरून निघालेली पोरगी दुसऱ्या बेसच्या वीतभर बाजूनं पळाली होती. होम प्लेटवरून तो बेस नाकासमोर येतो, मला स्वच्छ दिसलं. हे चेंडूकडं बघत होते.

शहराच्या संघातली एक पोरगी चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभी राहिली. "सर, अपील. हिचा पाय नाय लागला."

मागून फलंदाज पळत असल्यामुळं त्या पोरीला दुसऱ्या बेसवर जाणं भागच होतं. म्हणजे अपील खरं ठरलं तर फोर्स आऊट, तोच तिसरा आऊट, डाव खलास, दोन्ही धावा रद्द आणि देवगाव हरलं. सगळं मैदान ह्यांच्याकडं बघत होतं. हात आडवे करून सेफ, म्हणजे नाबाद, म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. हात अर्धे वर आलेही. मग हात खाली घेऊन ते सावकाश चालत माझ्याकडं आले. आजवर कधी आले नव्हते.

"मला दिसलं नाय," हळूच म्हणाले. "तुला काय दिसलं?"

"पाय नाय लागला."

परत जाऊन त्यांनी आऊटची मूठ वर केली. देवगावच्या पोरी धाय मोकलून रडल्या. त्यांचा कोच ओरडला, "बायकोला विचारून निकाल देता व्हय?" मी फाडकन उत्तर देणार होते, पण ह्यांनी येऊन डोक्यावरची पंचाची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि मैदानाबाहेर चालू लागले.

येताना क्रांती चौकात सिग्नल लागला. मागच्या सीटवरून ह्यांचा आवाज आला, "कधीपासून बघतीयेस?"

"दिवाळीपासून."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही विचारलं का?"

सिग्नल सुटला. बऱ्याच पुढं आल्यावर म्हणाले, "घरात बी अपील लागतं व्हय गं?"

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवू, म्हणाले. लवकर यायला हवं होतं, असंही म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून मी रडले. राग आला होता मला, ह्यांच्यावर, त्या नियमावर आणि माझ्यावर.

आता पायरी आली की मी न विचारता सांगते. "दिसली गं," ते म्हणतात, आणि त्यांचा पाय हवेत चाचपडत राहतो.